पोचल्याची खबर

"वहिनी, आजींना उठवा तेवढं. अंगावर पाणी उडेल."

दिलावर शिकलगार हातात मशीनची नळी धरून डेकच्या कडेला उभा होता. मशीन आमच्या मागच्या पडवीत घुरघुरत होतं आणि त्याचा कामगार म्हादू बटणावर हात ठेवून हुकमाची वाट बघत होता. सासूबाई डेकच्या बरोबर मधोमध पाट मांडून बसल्या होत्या. पाठ आमच्याकडे, तोंड खाडीकडे.

"आये, उठा. तेंचा काम होऊंदे," मी म्हटलं.

"फळये बदलूचे तर बदला. खिळे मारूचे तर मारा. पाणी मारूचा नाय."

"अहो आजी, हे शेवाळ निघाल्याशिवाय खालची फळी मला दिसणार कशी? बरी कुठली, कुजकी कुठली?"

"तुझो डोळो चांगलो आसा. बघ तसोच."

शिकलगार हसला. मिरजेकडचा माणूस, अंगाने भरलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला. पावसाळा सरला की तो मशीन टेम्पोत घालून किनाऱ्याने खाली उतरायचा. ज्यांच्या दारात लाकडी डेक, त्यांच्या दारात शिकलगार. धुणं, घासणं, तेल पाजणं, कुजलं ते काढून नवं बसवणं. आमच्या वाडीत कुणाकडे तरी आला होता, तिथून मी त्याला बोलावून घेतलं होतं.

"मग काय आजी, तुमच्यासकट धुऊन काढू का?"

"माका धुवन काढूक ही खाडी पुराक नाय. तुझा नळकांडा काय पुरतला?"

म्हादूने खाली मान घालून हसू लपवलं. शिकलगारने त्याला मशीन बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं आणि मग तिवरांतला खंड्या ओरडला तो ऐकू आला.

डेक हा शब्द आमच्याकडे पाहुण्यांनी आणला. सासूबाई तिला माची म्हणत. घराच्या मागच्या दारातून सरळ खाडीवर गेलेली, खांबांवर उभी. भरतीला पाणी फळ्यांना लागायचं, ओहोटीला खाली नुसता चिखल आणि खेकड्यांची बिळं. माझ्या नवऱ्याने, लवूने, ती बांधली. होड्या बांधणाऱ्या घरातला तो. होड्या फायबरच्या झाल्या, लाकडाला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा तो म्हणाला, दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढू, मागे बसायला माची करू. लोकांना पाण्यावर बसायला आवडतं. आवडत होतं खरंच. पण दोन खोल्यांवर घर चालेना. मग कुणी एजंट भेटला, आखातात बोटींच्या कारखान्यात सुतार हवेत म्हणाला. लवू गेला.

गेला तो ह्याच डेकवरून. भरती होती. पलीकडच्या काठाला एसटी मिळायची, म्हणून शेजारच्या आपाची होडी डेकला लावली. पेटी आत ठेवली, आईच्या पाया पडला, माझ्याकडे बघून "पोचलंय की फोन करतंय" म्हणाला आणि होडीत उतरला.

फोन आला नाही.

एजंटाने सांगितलं, तो मुंबईच्या ऑफिसात आलाच नाही. पोलिसांत कळवलं. आपा सांगायचा, मी त्याला एसटीत बसलेला बघितला, खिडकीतून हात केला त्याने. त्यापुढे कुणाला काही ठाऊक नाही.

आमच्यात माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीवर लगेच केर काढत नाहीत. तो पोचल्याची खबर येईपर्यंत झाडू हातात घ्यायचा नाही. पाठोपाठ केर काढायचा, जमीन धुवायची, ती फक्त एका प्रसंगाला. तिरडी दारातून निघाली की. सासूबाईंनी त्या दिवशी घर झाडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग शेजारणी आल्या, समजावू लागल्या, की काकी, घराचा केर कुठवर ठेवशील. तेव्हा त्या घरापुरत्या कबूल झाल्या. "पण शेवटचा पाऊल माचयेवरचा," म्हणाल्या. "ती ऱ्हवांदे."

ती राहिली. त्यावर पावसाळे गेले. आधी फळ्या करड्या झाल्या, मग काळ्या, मग त्यांच्यावर हिरवा गालिचा चढला. तिवरांची पानं पडायची ती तिथेच कुजायची. संध्याकाळी सासूबाई पाट घेऊन जायच्या, बसायच्या, आणि हलक्या आवाजात एक ओवी म्हणायच्या. त्यांच्या आईची असावी.

लेक निघालो परदेशी, केर नको गे काढू दारी
पावलांची वळ सारी, ऱ्हवांदे गे

पाहुणे डेकसाठी यायचे, डेक बघून परत जायचे. मागच्या हंगामात एक बाई घसरून पडली, हात मोडला. त्यानंतर कुणी आलं नाही. आणि फळ्या आता पायाखाली दबू लागल्या होत्या. एखाद्या संध्याकाळी त्या म्हातारीसकट खाली जातील, ह्या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नसायचा. म्हणून मी शिकलगारला बोलावलं. सासूबाईंना मी दुरुस्ती म्हटलं होतं. धुणं हा शब्द काही माझ्या तोंडातून निघाला नाही.

"मुलगा कुठं असतो आजींचा?" शिकलगारने मला बाजूला घेऊन विचारलं.

"कामाला गेलेत. बाहेर."

"आणि आजी म्हणतात, तो आल्याशिवाय धुवायचं नाही?"

"येण्याचं नाही म्हणत. पोचल्याचं म्हणतात."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने मान हलवली. "राहू दे. ओहोटी लागलीय, तेवढ्यात मी खालून खांब बघून घेतो. वर आजी, खाली मी. कुणाचं कुणाला पाणी नको."

तो लेंगा गुडघ्याच्या वर खोचून शिडीने चिखलात उतरला. हातोडीने खांब ठोकल्याचे आवाज येऊ लागले. भरीव, भरीव, मग एक पोकळ. सासूबाई प्रत्येक ठोक्याला पाटावर हात घट्ट धरत होत्या. उठल्या मात्र नाहीत.

मी चुलीवर चहा ठेवला. तो उकळायच्या आतच शिकलगार मागच्या दाराशी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहऱ्यावर मात्र लग्नघरातून आल्यासारखा आनंद.

"वहिनी, पाण्याकडचे दोन खांब गेलेत. आतून पार पोकळ. कालवांनी एकमेकांचे हात धरलेत म्हणून उभे आहेत एवढंच. पण ते सोडा. ही डेक बांधली कुणी?"

"घरीच बांधली. का?"

"का म्हणजे? एक खिळा नाही हो खालच्या सांगाड्यात. सगळ्या लाकडी खुंट्या. फळीला फळी तिरकी कापून बसवलीय, होडीला बसवतात तशी. पंधरा गावं फिरतो मी, असं काम एकाच ठिकाणी बघितलं. कारवारच्या अंगाला, आत एका खाडीत. गेल्या उन्हाळ्यात ती डेक तेल पाजायला मला बोलावलं होतं. हा तुमचा माणूस आणि तो माणूस एकाच गुरूचे चेले बघा."

चहा उकळून वर आला. मी भांडं उतरवलं.

"असेल," मी म्हटलं. "होड्या बांधणारे सगळे असंच बांधतात."

"नाही, नाही. पुढचं ऐका की. पहिल्या खांबाच्या डोक्यावर, तुळईच्या खोबणीत, लाल फडक्याची पुरचुंडी आहे. म्हटलं बघू, तर हळकुंड. आता हेच्या हेच, त्याच जागी, त्या कारवारच्या डेकला. त्याला मी विचारलं, मामा, हे काय? तर म्हणाला..." शिकलगार आठवू लागला. त्याला आमची बोली नीट येईना, पण वाक्य त्याने जपून ठेवलं होतं, गमतीचं म्हणून. "म्हणाला, होडी पाण्यात सोडताना तिची ओटी भरतात, लेकीसारखी. माची खंय जावची नाय, म्हणान तिची ओटी भरूची नाय काय?"

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

ही डेक उभी करताना लवूने माझ्याकडे हळकुंड मागितलं होतं. मी हसले होते. म्हटलं, होडी परक्या पाण्यात जाते म्हणून तिची ओटी भरतात, ही कुठे जाणार आहे? तेव्हा त्याने हेच म्हटलं होतं. शब्दाला शब्द. मग मीच हळदीकुंकू लावलं त्या खांबाला, आणि फडक्याची गाठही मीच मारली. लाल फडकं माझ्या चोळीचं.

"बसा ना," मी शिकलगारला म्हटलं. "साखर कमी असेल तर सांगा."

तो पायरीवर बसला. म्हादूला मी बाहेर कप नेऊन दिला आणि परत आले.

"त्यांचं नाव काय, त्या मामांचं?"

"सगळे सुतारमामाच म्हणतात. मी नाही विचारलं."

"एकटेच असतात?"

"छे. बायकोची खानावळ आहे. मासे असे करते म्हणून सांगू. गरीब बाई, बोलत नाही फारशी. आणि एक मुलगी आहे, एवढीशी. मामा रंधा मारत असले की ही खाली बसून भुसा गोळा करणार, त्याची भाकरी थापणार, आणि मला आणून देणार. काका, जेव. मी म्हटलं, बये, हे खाल्लं तर मला वाळवी म्हणतील."

तो एकटाच हसला.

मला पुष्कळ विचारायचं होतं. बाहेर पडलं ते भलतंच.

"केस पिकलेत का त्यांचे?"

शिकलगारने कप तोंडापासून लांब केला. "कानाकडचे पिकलेत."

"हसताना तोंडावर हात धरतात?"

लवूचा पुढचा दात तरुणपणी लाकूड तासायचा वाकस उडून तुटला होता. तेव्हापासून तो हसला की उजवा हात तोंडावर जायचा. मला लग्नानंतर कितीतरी दिवस वाटायचं, हा माणूस लाजतो.

शिकलगार माझ्याकडे बघत राहिला. त्याचं हसू हळूहळू विझलं, कंदिलाची वात मोठी करताना चावी चुकून उलटी फिरवावी तसं. "धरतात," तो म्हणाला. "पुढचा दात नाही त्यांना."

त्याने चहा संपवला नाही, पण कप खाली ठेवला.

"वहिनी, नात्यातले आहेत का कुणी?"

"हो," मी म्हटलं. "लांबचे."

"मी काही बोलू नये ते बोललो असेन तर..."

"तुम्ही कामाचं बोललात."

"माझ्याकडे त्या खानावळीचा नंबर आहे. हवा असला तर..."

"नको."

तो उठला, पंचा सोडून पुन्हा डोक्याला बांधला. "आज राहू दे का काम? मला घाई नाही. दोन दिवसांनी येतो."

मी त्याला थांबायला सांगितलं.

मागच्या दारातून डेकपर्यंत सात-आठ पावलं. मी कितीदा चालले असेन. त्या दिवशी उंबऱ्यावर उभी राहून मी फक्त सासूबाईंची पाठ बघत होते. पाठीचा कणा लुगड्यातून दिसायचा, वाळत घातलेल्या सुंगटाच्या, कोळंबीच्या कवचासारखा. तो गेला तेव्हा ही पाठ ताठ होती. हिला मी काय सांगू? तो मेला असता तर सांगता आलं असतं. दोघी गळ्यात पडून रडलो असतो, वाडीतल्या बायका जमल्या असत्या, कुणी पेज आणली असती. हे सांगायला कुठली रीत नव्हती.

मी डेकवर गेले. शेवाळावर पाय जपून टाकत त्यांच्या शेजारी बसले. चिखलात खेकडे बाहेर येऊन नांगी हलवत होते.

"गेलो तो मिरजकार?" त्यांनी विचारलं.

"नाय. आसत."

"धाड तेका. खाली ठोकून ठोकून माझी कंबर हलवल्यान."

"आये."

त्यांनी वळून बघितलं. माझ्या आवाजात काही तरी असलं पाहिजे.

"पोचले ते," मी म्हटलं.

खाडीवर वारा नव्हता. तिवराचं एक पिवळं पान पाण्यावर पडलं आणि ओहोटीबरोबर निघालं. सासूबाई ते दिसेनासं होईपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "कोणी सांगल्यान?"

"ह्या शिकलगारांनी. कारवाराकडे भेटले तेंका. तेंच्याच हातची माची आसा थंय, ह्येच्यासारखी."

"तोच मां?"

"तेच. दाताचा विचारलंय मी."

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांवर हात ठेवला आणि तो हात कपाळावरून मागे नेला, मूल झोपवताना नेतात तसा. मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत. चेहऱ्यावर एक लकाकी आली, अगदी क्षणभर, संक्रांतीच्या उन्हासारखी कोवळी. ती लकाकी मी जन्मात विसरणार नाही, कारण तिच्यामागून काय येणार ते मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

"बरो आसा?"

"बरे आसत."

"जेवता-खाता मां नीट? तेका आंबट सोसणा नाय."

"जेवतत. खानावळ आसा."

"कोणाची?"

मी लाकडावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिले. हिरव्याखाली काळं निघालं, काळ्याखाली अजून काळं.

"सुगंधा," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला नावाने हाक मारत नसत, गो म्हणत. "एकटो आसा काय तो?"

"नाय."

"पोर?"

"चेडू एक. ल्हान आसा."

त्यांनी मान हलवली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, कुणी समोरून हिशोब समजावून सांगतंय आणि तो पटतोय अशी. मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. नाहीतर नातीचं नाव विचारतील. नाहीतर म्हणतील, खोटं आहे, तो मिरजकर खोटारडा. मी तिन्हींना तयार होते. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "पोचलो मगे."

आणि गुडघ्यावर हात रोवून उठल्या. मी धरायला गेले तर हात झिडकारला. पाट काखेत घेतला, शेवाळावरून एकही पाय न घसरू देता दारापर्यंत चालत गेल्या, आणि शिकलगारसमोर उभ्या राहिल्या. तो बिचारा मान खाली घालून उभा होता.

"मार रे पाणी," त्या म्हणाल्या.

"आजी, नको. राहू दे आज."

"तू कामाक इललस मां? मगे काम कर. आणि घराकडसून सुरू कर. पाण्याकडे ने. उलटा पाणी घराकडे येवक नको."

शिकलगारने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने म्हादूला खूण केली.

मशीनच्या पाण्याला धार असते, चाकूसारखी. ती फळीवर लागली आणि शेवाळाचा पहिला पट्टा उचलला गेला. कितीएक वर्षांची पानं, माती, पक्ष्यांची घाण, सगळं हिरवट काळं होऊन वाहू लागलं आणि डेकच्या टोकावरून खाली चिखलात पडू लागलं. खेकडे बिळात पळाले. मागे मागे लाकूड उघडं पडत गेलं. मधाच्या रंगाचं. मी त्या फळ्या नव्या असताना बघितल्या होत्या, तरी मला ओळखू येईनात. पावलांची कुठली खूण तिथे नव्हती. असणारही नव्हती. पण मी बघत होते.

शिकलगार काम चांगलं करत होता. घाई नाही, धार एका जागी रेंगाळत ठेवणं नाही. मध्येच तो एका फळीपाशी थांबला, मशीन बंद करून मला म्हणाला, "वहिनी, खांब दोनच बदलायचे. बाकी अजून वीस वर्षं बघायला नको. माणसाने जीव ओतून बांधलीय." मग त्याला काय बोललो ते कळलं असावं. त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

मी सासूबाईंना बघायला आत गेले. घरात नव्हत्या. विहिरीवर रहाटाचा आवाज आला.

त्या विहिरीच्या कट्ट्याजवळ उभ्या होत्या. अंगावर लुगडं तसंच, चोळी तशीच. कळशी भरून वर आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर ओतली. दुसरी ओतली. केस सुटून तोंडावर आले. माणूस लांब गावी गेलेला असला, आणि तिकडेच संपल्याची बातमी आली, की आमच्यात असंच करतात. जिथे ऐकलं तिथून उठायचं, नेसल्या कपड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि मग घरात यायचं. मी सासऱ्यांच्या बहिणीसाठी घेतलं होतं. वडलांसाठी घेतलं होतं.

तिसरी कळशी ओतून झाली तेव्हा मी रहाटाच्या दोराला हात घातला. त्यांनी ओल्या हाताने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी घट्ट.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तुझो घोव जितो आसा."

त्या घरात गेल्या. कट्ट्यावरून पाणी ओघळून माझ्या पायांपर्यंत आलं. पाठीमागे मशीन चालू होतं. मी दोर धरून उभी राहिले, कोरडीच.